जित्या बाईचं लुगडं

वाकळ भिंतीला टांगलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

वाकळ म्हणजे अंथरायची, पांघरायची, पाहुणे आले की घडी करून कोपऱ्यात ढकलायची वस्तू. तिच्यावर मिरच्या वाळवायच्या, शेवया वाळवायच्या, तापलेल्या माणसानं तिच्यात घामाघूम होऊन ताप उतरवायचा. आणि इथं त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बघते तर एकेक वाकळ देवाच्या तसबिरीसारखी भिंतीवर, वरून पिवळा उजेड सोडलेला, शेजारी जाड कागदावर छापलेलं नाव आणि त्याखाली पाटी : 'कृपया हात लावू नये.'

हात न लावता वाकळ बघायची म्हणजे तांबडा रस्सा नुसता डोळ्यांनी प्यायचा. मी लावला हात. नुसता लावला नाही, कोपरा उलटा करून मागची बाजू बघितली. वाकळेचं खरं तोंड पाठीमागं असतं. पुढून काय, सगळ्याच सुंदर दिसतात. मागं गाठी कुठं मारल्या, दोरा कुठं संपला, बाई कुठं कंटाळली, ते सगळं कळतं.

"आजी, हात नका ना लावू," गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक पोरगी पळत आली.

"लावला न्हाय गं. धूळ झटकली."

"धूळ नाहीये आजी त्याला."

"मग चांगलंच की. झटकली ना मी."

ती हसली आणि गेली. मी पुढच्या वाकळेपाशी गेले. खरं सांगते, चेष्टा बाजूला ठेवून, काय हात असतील त्या बायांचे! एका वाकळेवर कडेपासून मधल्या चौकोनापर्यंत टाकेच टाके, तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. दुरून बघितलं तर एसटीच्या खिडकीतून नांगरलेलं रान दिसावं तसं. एकात खणाच्या चोळीचे तुकडे असे बसवलेले की तांबड्याशेजारी हिरवा आला की डोळ्यांत मिरची जावी, आणि लगेच शेजारी धोतराचा पांढरा, डोळे निवायला. हे त्या बाईला कुणी शिकवलं असेल? तिच्याकडं जी चिंधी होती ती तिनं घेतली, आणि तरी असं वाटत होतं की हीच चिंधी हवी होती.

फक्त वास नव्हता. मी नाक अगदी जवळ नेलं. भिंतीच्या ताज्या रंगाचा आणि डांबरगोळीचा वास आला, बस्स. खोबरेल नाही, चुलीचा धूर नाही, बाळाच्या शूचा तर पत्ताच नाही.

माझी लेक रेवती आठव्या महिन्यातलं पोट सांभाळत दुसऱ्या टोकाला उभी होती. तिथं विकायला ठेवलेल्या वाकळा होत्या. तिनं मला हाक मारली. हातात बाळाच्या मापाची एक छोटी वाकळ, कोऱ्या कापडाची, त्यावर छापील हत्ती.

"आई, ही घेऊ या बाळाला? बघ किती गोड आहे."

"गोड हाय. पण कुणाची हाय?"

"कुणाची म्हणजे? घेतली की आपली."

"तसं न्हवं. कुणाच्या अंगावरची?"

मग तिला तिथंच, हत्तीसमोर, सांगितलं. मोठ्या माणसांच्या वाकळेत गेलेल्यांची कापडं घालतात. पण बाळाच्या पहिल्या वाकळेत जित्या बाईचं लुगडं लागतं. नातवंड मांडीवर घेतलेल्या, हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्या बाईचं. नेसून नेसून विरलेलं, आणि तिनं आपल्या हातानं दिलेलं. आमच्या गल्लीत असंच होतं. तिचं आयुष्य बाळाला लागतं म्हणत. मला गेला महिनाभर हीच काळजी होती, की आता असलं लुगडं आणायचं कुठनं.

रेवतीनं हत्ती खाली ठेवला आणि सहज म्हणाली, "मग तुझी साडी दे की. तुला तर नातू आहे."

नातू आहे, खरं आहे. माझ्या धाकट्या लेकानं ताईच्या आधी नंबर लावला. पण मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. महिनाभर माझी नजर शेजारपाजारच्या सगळ्या म्हाताऱ्यांवरून फिरून आली होती. आरशाकडं काही केल्या वळली नव्हती. दर पंधरा दिवसांनी केसांना काळी मेंदी लावणारी बाई मी. मला लुगडं मागते?

आणि मग बाकावर बसल्या बसल्या मला अक्का दिसली.

एकोणीसशे नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट असेल. पंचगंगेकडं उतरणारी आमची गल्ली, उन्हाळ्यात दगड तापलेले, आणि थंडीत वारा फिरला की नदीपलीकडच्या गुऱ्हाळांचा गुळाचा वास थेट अंथरुणात. मी पहिलटकरीण. त्या वेळची मी म्हणजे काय सांगू! शिवणक्लासचा डिप्लोमा केला होता आणि तो काचेत घालून भिंतीला लावला होता. ब्लाऊजला फुग्याच्या बाह्या इतक्या मोठ्या शिवायचे की दारातून आधी बाह्या आत जायच्या, मग मी. चालताना मला वाटायचं सगळी गल्ली माझ्याकडं बघते. बघतच असणार, असलं ध्यान रोज कुठं बघायला मिळतं?

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "सातवा लागला. आता वाकळंचं बगाय पायजे."

मी म्हटलं, "त्यात काय बघायचं आत्ती? मी मशिनवर एका दुपारात उरकते."

आणि बसले की! रंग छान म्हणून माझ्या दोन जॉर्जेटच्या साड्या घेतल्या, मध्ये जुन्या चादरीचे थर घातले. जॉर्जेट इकडून धरलं की तिकडून पळायचं. पहिली सुई मोडली, दुसरी वाकली. शेवटी जे तयार झालं ते चारी कोपऱ्यांनी वर उचललं होतं, तव्यावरच्या पापडासारखं. आत्तींनी ते बाहेर दोरीवर टाकलं. शेजारच्या जैतूनभाभीनं भिंतीवरून डोकं काढलं.

"अगं ये, हे पोराला हाय का पाय पुसायला?"

"डिझाइन आहे भाभी," मी म्हटलं.

"मग पोराला बाजूला निजीव. डिझाइन झोपू दे वर."

दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आत्तींना ठसका लागला. त्या रात्री मी जेवले नाही, म्हणजे लवकर जेवले नाही.

लुगड्याची गोष्ट मला तेव्हा कळली. आत्तींचं चालणार नव्हतं. त्यांचं पहिलं नातवंड अजून माझ्या पोटातच होतं. गल्लीत लुगडं मागावं अशी एकच बाई होती, कोपऱ्यावरची अक्का. लिंगायताची. मुलाचं धान्याचं दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि शिव्या दोन्हीत. सकाळी कट्ट्यावर बसली की दिवे लागेपर्यंत उठायची नाही. तिची दोनच इरकली लुगडी, एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचं निळं लुगडं इतकं विरलेलं की त्यातून ऊन गाळून खाली पडायचं, आणि ते हातात घेतलं तर सायीसारखं. गल्लीतल्या प्रत्येक पोटुशीचा त्याच्यावर डोळा होता.

आत्ती म्हणाल्या, "मी मागते. तू गप बस."

पण डिप्लोमावाली गप बसेल? दुसऱ्या दिवशी बाह्या फुगवून मीच गेले कट्ट्यावर. तिथं चारपाच बाया बसलेल्या. आणि मी, अगदी गोड आवाजात, जे बोलले ते आठवलं की आजही पायाची बोटं आखडतात.

"अक्का, ते निळं लुगडं द्या की मला. तुम्ही आता किती दिवस नेसणार?"

कट्ट्यावरच्या सगळ्या बाया एकदम आपापल्या हातांतल्या लसणाकडं बघायला लागल्या.

"अय्य शिवने!" अक्का म्हणाली. "यव्वा, मी मेलो म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तसं नाही अक्का..."

"मग कसं? बस हितं. बस आणि बग, मी श्वास घेतोय का न्हाय. दिसतंय? मग ऊठ आणि जा."

घरी आल्यावर आत्तींनी कपाळाला हात लावला. "मागायचं न्हवतं गं बाये. आता नुसती जाऊन बसत जा. मागू नगंस. तोंड उघडू नगंस. जमंल?"

ते जमणं कठीणच होतं, पण गेले. आणि मग त्या दुपारी सुरू झाल्या. आज कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यात सुखाचे दिवस कुठले, तर लग्नाबिग्नाचं सोडून मी त्या रिकाम्या दुपारी सांगेन. लाईट गेलेली, गल्लीत कुणाचा तरी रेडिओ सेलवर कुरकुरत असलेला, खाली घाटावर धुण्याचा धप धप आवाज, आणि तो वर येईपर्यंत मऊ झालेला. अक्काच्या मिस्रीचा जळका, तुरट वास. ती शेंगा फोडायची, मी दाणे वेगळे करायचे. पहिले काही दिवस ती माझ्याकडं पाठ करून बसली. मग जरा कडेला वळली. मग एक दिवस समोर.

लुगड्याचं ती स्वतःहूनच बोलायला लागली. निळं लुगडं तिला नवऱ्यानं बागलकोटच्या बाजारातून आणलं होतं. नवीन होतं तेव्हा इतकं खरखरीत, की बसलं की उभं राहायचं. "माझ्याआधी लुगडंच उटून चुलीपाशी जायचं बग." त्याच्यावर ती भांडली, त्याच्यावर ती बाळंत झाली, त्याच्या ओच्यात तिनं शेतातल्या शेंगा आणल्या. सगळं ऐकत मी आपली मान डोलवायचे. एकदा न राहवून म्हटलंच, "अक्का, मी मागत नाही. पण मागितलं असतं तर का दिलं नसतं?"

तिनं शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले.

"जितेपणी लुगडं दिलं की लोक मोजाय लागत्यात यव्वा. आता राह्यली किती, आता राह्यली किती. एकदा फाडलं की माणूस अर्धं वाकळंत गेलं."

मला तेव्हा एवढंच कळलं की लुगडं मिळत नाही. घरी येऊन आत्तींना म्हटलं, म्हातारी चिकट आहे. आत्ती आमच्या ह्यांच्या खाकी कपड्यांमधून एखादा तुकडा निघतो का बघत बसल्या. पण शिरोलीच्या फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास त्या कपड्यांतून सात धुण्यांत जायचा नाही. बाळाला काय त्या वासात निजवणार?

आणि मग एका भर दुपारी अक्का आमच्या पायऱ्या चढून सोप्यात आली. दिवे लागेपर्यंत जी कट्ट्यावरून उठायची नाही, ती आली. अंगावर निळं लुगडं, हातात दुसरं. म्हणाली, "हप्ताभर हेच नेसलोय. धुतलं न्हाय. वास ऱ्हायला पायजे. पोराला कळाय पायजे कोण हाय ते."

आतल्या खोलीत जाऊन ती लुगडं बदलून आली. निळं लुगडं मांडीवर घेऊन बसली. मी कात्री आणली, शिवणक्लासची, लांब पात्याची. तिनं कात्रीकडं असं बघितलं की मी ती पाठीमागं लपवली. मग तिनं काठ दातांत धरला, उरल्यासुरल्या दातांत, आणि ओढलं.

लुगडं फाटताना आवाज येतो, टर्रर्र. नव्या कापडाचा मोठा येतो, जुन्याचा बारीक. त्या लुगड्याचा आवाज असा आला, की कुणीतरी झोपेत श्वास सोडला.

पदराचा तांबडा भाग मात्र तिनं बाजूला काढून कमरेला खोवला. "पदर देणार न्हाय. पदर माझा मला लागतोय."

"का दिलंत अक्का?" मी विचारलं. माझं तोंड कधी गप राहिलंय?

"तू काय, बाळंत झालीस की याची न्हाईस माझ्याकडं. पोरगं तरी निजंल माझ्याजवळ."

ती वाकळ आम्ही तिघींनी सोप्यात बसून शिवली. एका बाजूला आत्ती, एका बाजूला जैतूनभाभी, एका बाजूला मी पोट सावरत. कडेपासून मधे मधे जायचं. त्यांचे टाके ओळीत, माझे म्हणजे... भाभी म्हणाली, "हिच्या एका टाक्यावरनं दुसऱ्या टाक्यावर जायला रिक्षा करावी लागंल." मधला चौकोन शेवटी मिटला तेव्हा तिघींची डोकी एकमेकींना लागली. खोबरेल, लसूण, भाभीच्या कानातला अत्तराचा बोळा. आणि मधून अक्का.

रेवती त्यात वाढली. ती वाकळ नाकाला लावल्याशिवाय झोपायची नाही. अक्का मधल्या काळात गेली. बसवून नेली तिला त्यांच्या रीतीनं, मातीत ठेवायला, आणि डोक्यावर तोच तांबडा पदर होता. मी बघितला. रेवती माझ्या कडेवर होती आणि तिच्या मुठीत वाकळेचं टोक.

मग दोन हजारची सालं आली, आणि गल्लीला काय झालं ते कुणी सांगू शकायचं नाही. कट्टे गेले, तिथं मोटारसायकली लागल्या. वाघाचं चित्र असलेली जाड ब्लँकेटं आली. जैतूनभाभीच्या मुलाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, ती तिकडं गेली. आत्ती गेल्या. घरात वॉशिंग मशीन आलं, त्यात वाकळ मावेना, नदीवर कोण नेणार? कधी लेक शाळेत जायला लागली, कधी तिनं स्वतःच्या खोलीचं दार लावायला सुरुवात केली, तेही नीटसं आठवत नाही. वाकळ मरत नाही, ती लहान होत जाते. आधी बाळाची, मग बाहुलीची, मग पाण्याच्या घागरीखालची, मग चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, भांडं उतरायची चिंधी. एक दिवस ती फरशी पुसायचं पोतेरं झाली, आणि त्यानंतर एक दिवस ती नव्हती. कुणी टाकली? मीच असणार. दुसरं कोण होतं घरात फरशी पुसणारं?

"आई, रागावलीस?" रेवती बाकावर माझ्याशेजारी बसली.

"न्हाय गं. ऊठ, घरी जाऊ."

"मग हत्तीवाली?"

"राहू दे तिला हत्तींजवळ."

घरी आल्यावर कपाट उघडलं आणि दोघी पलंगावर साड्या काढत बसलो. काय साड्या होत्या! सिल्क, ऑरगंझा, आणि कुठलंसं कापड जे कापूसही नाही आणि रेशीमही नाही, नुसतं चमकतं. लग्नात नेसलेल्या, बारशाला नेसलेल्या, एकदा नेसून घडी केलेल्या. मी एकेक गालाला लावून बघितली. एकीलाही माझा पत्ता नव्हता. मला मनातून बरंच वाटत होतं. चला, सुटले, नाही आपल्याकडं लुगडं, आपण अजून त्या वयाच्या नाहीच.

रेवती बघत होती. बघता बघता तिनं हात लांब केला आणि मी अंगात घातलेला गाऊन चिमटीत धरला.

"आई, हा?"

आमच्या गल्लीत लुगडं गेलं, पाचवारी गेली, आणि बायकांनी अंगात गाऊन घातले, हे कुणी लिहून ठेवत नाही. सकाळी दूध घ्यायला गाऊन, भाजीवाल्यापाशी गाऊन, दारात पाहुणे आले की वरून एक टॉवेल. हा गाऊन मी किती वर्षं घालते देव जाणे. कधीकाळी त्यावर जांभळी फुलं होती. आता फुलं कुठली आणि डाग कुठले ते सांगता येत नाही. खांद्यावर हळद, पोटावर फोडणी, खिशापाशी शाई. धुऊन धुऊन सायीसारखा.

"अगं, गाऊनची वाकळ? लोक काय म्हणतील?"

"लोक वास थोडीच घेणार आहेत? बाळ घेईल." आणि तिनं नाक लावलं. माझ्या खांद्याला, गाऊनसकट, डोळे मिटून. लहानपणी वाकळेला लावायची तसं.

आता काय बोलणार? मी दुसरं काहीतरी अंगात घालून आले. गाऊन मांडीवर घेतला. मनात आलं, हे एकदा फाडलं की मीही मोजायच्या बायांत गेले. ही पोरगी, उद्या तिची पोरगी, सगळी माझ्याकडं बघून मनात आकडा धरणार. हात थांबला. रेवती गप्प बसली होती. मी शिकवलं नव्हतं तिला गप्प बसायला. माझ्याकडं ते शिकवण्यासारखं नाहीच.

मग मी शिवणीची कड दातात धरली. पुढचे दोन दात बसवलेले आहेत, ते जपून बाजूच्या दाढेनं धरली, आणि ओढलं. फाटला. अगदी बारीक आवाज आला. आणि एवढ्या उकाड्यात माझ्या हातांवर काटा आला.

रेवती रडत होती आणि हसतही होती. "आता घरात काय घालशील?"

संध्याकाळी मी एकटी महाद्वार रोडला गेले. गाऊनच्या दुकानात पोरगा एकेक हँगर काढून दाखवत होता. गडद निळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. मी बोटांत घेऊन चुरगळला. कोरा, खळ घातलेला, खरखरीत.

"सुती हाय न्हवं?"

"शंभर टक्के मावशी. रंगबी जायचा न्हाय."

"रंग गेला पायजे. कापड ऱ्हायलं पायजे."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. "असं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय."

"मऊ कधी हुईल हा?"

"ह्यो? दणकट कापड हाय मावशी. रोज घातला, रोज धुतला तरी वर्षं जातील की मऊ व्हायला."

"किती?"

"लई."

"मग दोन दे," मी म्हटलं.